एकच माप, अनेक प्रकल्प : कोड-लायब्ररीच्या जुळणीचा प्रश्न

सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा लागणारे काम एकदाच नीट लिहून ठेवावे आणि निरनिराळ्या प्रकल्पांनी ते उचलून वापरावे, यासाठी तयार केलेल्या कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. आणि तिच्या कोडला हात न लावता प्रत्येक प्रकल्पाला आपल्या गरजेप्रमाणे तिचे वागणे बदलता यावे, यासाठी ठेवलेल्या सोयीला कॉन्फिगरेशन किंवा जुळणी म्हणतात. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग मॅकिलरॉय यांनी सुट्या भागांच्या कारखान्यासारखा सॉफ्टवेअरचा उद्योग उभा राहावा, अशी कल्पना मांडली, तेव्हाच एका साध्या गणिती क्रियेचेही अचूकता, वेग आणि चुकीच्या आकड्यांना तोंड देण्याची ताकद यांनुसार अनेक प्रकार ग्राहकाला निवडता आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतरच्या काळात लायब्रऱ्या उदंड झाल्या. परंतु कोणती गोष्ट निवडीसाठी खुली ठेवावी आणि कोणती बंद, हा प्रश्न मात्र प्रत्येक लायब्ररीला नव्याने सोडवावा लागतो. जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांना समोर ठेवून पाहिले, तर या प्रश्नाचे खरे वजन कळते.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि तेव्हापासून या भागातील बालकांचे वजन हा सार्वजनिक चिंतेचा विषय राहिला आहे. अंगणवाडी सेविका वजन, उंची आणि दंडघेर मोजते. त्या आकड्यांवरून मूल तीव्र कुपोषित, मध्यम कुपोषित की साधारण, हे ठरते, आणि त्या निर्णयावर ग्राम बाल विकास केंद्रातील वाढीव आहार किंवा पोषण पुनर्वसन केंद्रातील उपचार अवलंबून असतात. या निर्णयामागचे गणित जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढमानकांवर आधारलेले आहे. ही मानके १९९७ ते २००३ या काळात भारतासह सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांतून तयार झाली आणि २००८ साली ती आपल्या अंगणवाडी व्यवस्थेत आली. प्रत्येक लांबी-उंचीसाठी, मुलगा व मुलगी यांचे वेगळे, तीन आकडे तक्त्यात दिलेले असतात : मधले वजन, वजनांचा पसारा आणि त्या पसाऱ्याचा तिरकेपणा. त्यांच्या आधारे मूल मधल्या वजनापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा निघतो, त्याला झेड-स्कोअर म्हणतात. हा आकडा उणे तीनच्या खाली गेला, किंवा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर कुपोषणाची सूज दिसली, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित ठरते.

हे गणित करणारी ‘अँथ्रो’ नावाची लायब्ररी खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने आर या संगणकीय भाषेत खुली केली आहे. तिच्या रचनेत एक मोठे शहाणपण आहे : तक्त्यांतील आकडे वापरणाऱ्या प्रकल्पाला बदलण्यासाठी ठेवलेले नाहीत, पण मोजणी कशी झाली हे सांगण्याच्या जागा मात्र खुल्या आहेत. वय दिवसांत आहे की महिन्यांत, मूल आडवे ठेवून मोजले की उभे करून, सूज आहे की नाही, हे प्रत्येक प्रकल्प सांगू शकतो. दोन वर्षांखालील मूल आडवे मोजायचे असते आणि त्यावरील उभे. उलट झाले असेल तर ०.७ सेंटिमीटरची दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती लायब्ररी स्वतः करते, कारण ती मानकाचा भाग आहे. दुरुस्ती किती असावी हे ठरवण्याचा अधिकार एखाद्या तालुक्याच्या प्रकल्पाला दिला, तर मोखाड्याचा आकडा डहाणू तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ उरणार नाही.

याच लायब्ररीत सुजेची माहिती दिली नाही, तर सूज नाही असे धरले जाते. प्रकल्पाने काहीच न सांगितल्यास लायब्ररी जे गृहीत धरते त्याला डिफॉल्ट म्हणतात, आणि जुळणीच्या विचारात सर्वांत अधिक काळजी येथेच घ्यावी लागते, कारण बहुसंख्य प्रकल्प डिफॉल्टला कधीच हात लावत नाहीत. हजारो मुलांच्या सर्वेक्षणात हे गृहीतक चालून जाते. पण एका पाड्यावरच्या एका मुलासाठी तेच सॉफ्टवेअर वापरायचे असेल, तर ‘सूज तपासलीच नाही’ आणि ‘तपासली, सूज नाही’ ही दोन उत्तरे वेगळी ठेवलीच पाहिजेत. ज्या जागी गप्प राहणे धोक्याचे आहे, तेथे डिफॉल्ट ठेवू नये आणि प्रकल्पाला उत्तर द्यायला भाग पाडावे, हाच योग्य नियम होय.

अशक्यप्राय आकड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. उंचीनुसार वजनाचा झेड-स्कोअर उणे पाचच्या खाली किंवा अधिक पाचच्या वर गेला, तर नोंदीत चूक असावी असे मानून लायब्ररी त्यावर खूण करते. पोषण सर्वेक्षणांच्या स्मार्ट पद्धतीत मात्र ही मर्यादा त्या सर्वेक्षणात आढळलेल्या सरासरीपासून मोजतात. सर्वेक्षण करणारा प्रकल्प खूण झालेली नोंद गणतीतून वगळतो आणि ते रास्त आहे. अंगणवाडीच्या प्रकल्पात तीच नोंद वगळली, तर कदाचित सर्वांत आजारी असलेले मूलच यादीतून नाहीसे होईल. तेथे सेविकेला त्या मुलाचे पुन्हा वजन घ्यायला सांगणे हाच मार्ग आहे. म्हणून लायब्ररीने केवळ खूण करावी आणि पुढचे पाऊल प्रकल्पाने लिहून दिलेल्या कोडवर सोपवावे; त्या कोडला लायब्ररीने ठरलेल्या क्षणी बोलवावे, या पद्धतीला कॉलबॅक म्हणतात. निष्कर्ष काढणे हे लायब्ररीचे काम आणि त्यावर कृती ठरवणे हे प्रकल्पाचे, ही सीमारेषा पुसट झाली की जुळणीच्या कितीही सेटिंग दिल्या तरी उपयोग होत नाही.

जुळणी कोठून घ्यावी, यालाही क्रम लागतो : आधी लायब्ररीचे डिफॉल्ट, त्यावर प्रकल्पाची फाइल, आणि सर्वांत वर त्या-त्या वेळी दिलेली सूचना. प्रकल्पाची फाइल वाचताच लायब्ररीने ती तपासली पाहिजे, आणि अनोळखी नावाची सेटिंग दिसली तर ती मुकाट्याने सोडून न देता काम थांबवले पाहिजे. दंडघेराची मर्यादा कोणी ११५ लिहिली, म्हणजे मिलिमीटरमध्ये, आणि मोजमापे सेंटिमीटरमध्ये आली, तर प्रत्येक मूल तीव्र कुपोषित ठरेल. म्हणून सेटिंगच्या नावातच एकक असावे. अंकांचेही तसेच आहे. ‘१२.५’ असे देवनागरीत लिहिलेले वजन पायथॉन भाषा बिनतक्रार संख्या म्हणून स्वीकारते, पण जावास्क्रिप्टमध्ये साधे रूपांतर केल्यास ती संख्याच नाही असे उत्तर येते. मराठी भागात चालणाऱ्या लायब्ररीने दोन्ही अंकलिपी मुळातच स्वीकाराव्यात. ही सेटिंगची बाब नव्हे.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या प्रकल्पाने गाव आणि अंगणवाडी या गोष्टी जुळणीच्या फाइलमध्ये एकदाच कोरून ठेवल्या, त्याच्यासाठी स्थलांतरित मूल म्हणजे गळालेली नोंद ठरते; गाव ही बदलती माहिती आहे, ती प्रत्येक मोजणीसोबत आली पाहिजे. डोंगराळ पाड्यांवर मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते, त्यामुळे सेटिंग दर वेळी सर्व्हरवरून मागवणारी लायब्ररीही येथे टिकणार नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, प्रत्येक निकालासोबत लायब्ररीची आवृत्ती आणि त्या वेळी लागू असलेल्या सेटिंग नोंदल्या गेल्या पाहिजेत, कारण मोखाड्यातील खोडाळा गावात एका मर्यादेने आणि भट्टीवर दुसऱ्या मर्यादेने ठरलेली श्रेणी वाचणाऱ्याला मूल सुधारले की फक्त माप बदलले, हे अन्यथा कळणार नाही.

सार्वजनिक सेवेसाठी लायब्ररी लिहिणाऱ्या मराठी प्रोग्रॅमरांनी प्रत्येक सेटिंगचा अर्थ, तिचे डिफॉल्ट आणि ती बदलल्यावर कोणत्या मुलाची श्रेणी बदलेल, हे सोप्या मराठीत लिहून कोडसोबतच द्यावे, आणि ती फाइल प्रकल्पात लागू होण्याआधी अंगणवाडी पर्यवेक्षिकेने वाचलेली असावी.