कट्टा, काठी आणि नियम तीन

सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा. आमच्या वस्तीच्या शेवटच्या घरामागून पऱ्हाटी सुरू होते, पऱ्हाटी संपली की अंबाबरवाचं जंगल, जंगल ओलांडलं की मध्य प्रदेश. तिकडं बऱ्हाणपूर जिल्ह्यात पाचोरी नावाचं गाव. तिथले सिकलीगर भट्टीवर पिस्तूल घडवतात. देशी कट्टा. पेपरात अधूनमधून बातमी असते : सोनाळा पोलिसांनी सापळा लावला, इतके कट्टे, इतकी काडतुसं, एक मोटारसायकल. फोटोत टेबलावर माल मांडलेला आणि मागे साहेब उभे. सोनाळ्याचं नाव छापून यायला एक तर सोनाजी महाराजांची यात्रा लागते, नाही तर कट्टा. आमच्या वस्तीचं नाव यायला मात्र मढंच लागतं.

सिकलीगरांबद्दल दोन शब्द आधीच लिहितो. बापजाद्यांपासून लोखंड तापवणारी, धार लावणारी ही जमात. तलवारी राजांच्या कमरेला गेल्या आणि घडवणारा पालात राहिला. आज त्याच्या हातची वस्तू दलाल नेतो, पुढारी वापरतो आणि टेबलामागे तोंडाला फडकं बांधून तो उभा असतो. त्याला शिवी देऊन हा लेख सुरू करणं मला जमणार नाही.

लेख लिहायचं कारण असं, की आमच्या पोट्ट्यांच्या तोंडी आता हा शब्द आला आहे. एका गावात (नाव लिहीत नाही, खटला चालू आहे) जयंतीच्या मिरवणुकीवर दगड पडले. तीन जणांची डोकी फुटली. दोन दिवसांनी आमच्या बुद्धविहारापुढं पोरं बसली होती. एक जण म्हणाला, "भौ, वर्गणी करू. डीजेले करतो ना, मंग एक कट्टा घेऊन ठेवू. वापरा नाई लागत. हाये एवढं मालूम पडलं तरी पुरे." कोणी हसलं नाही. म्हणजे तीन-चार जणांच्या मनात ते आधीच होतं.

मी अहिंसेची जपमाळ ओढणारा माणूस नाही. उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगावं तसं काही लोक आम्हाला अहिंसा सांगतात. शस्त्र कोणाच्या हातात, हा या देशात नेहमी जातीचा प्रश्न राहिला आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेले चालले, पण १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारनं ‘लढाऊ जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज लिहिला, की आमच्या बापांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आम्हाला दार का बंद? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभारली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. मग १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या खटपटीनंतर, महार रेजिमेंट. तिच्या बिल्ल्यावर मशीनगन आहे. सीमेवर मशीनगन चालते, गावच्या पाणवठ्यावर काठी चालत नाही, असा हा हिशेब.

इंग्रजांचा शस्त्र कायदा १८७८ चा. त्यात गोऱ्याला परवाना नको, काळ्याला हवा. आपला कायदा १९५९ चा. पण कूर्गच्या कोडवांना आजही जातीनंच परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये ती दहा वर्षं वाढवून दिली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण कायद्याला जात दिसत नाही असं मला कोणी सांगू नये.

आता पँथर. १९७२ साली ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी नाव आणलं ते अमेरिकेतून. तिथली ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ ला ओकलंडमध्ये निघाली, मूळ नावातच ‘स्वसंरक्षणासाठी’ हे शब्द होते. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला कायद्यानं मुभा होती. गोऱ्यांना होती तोवर कोणाला खटकली नाही. काळी पोरं बंदुका घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायला लागली, २ मे १९६७ ला थेट विधानभवनात शिरली, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रेगननं सही करून ती मुभा काढून घेतली. त्याच्याही आधी, १९५६ साली, मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा त्यानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. नामंजूर झाला. आपण नागपुरात दीक्षा घेतली ते हेच वर्ष.

आणि बंदूक हातात असलेल्यांचं काय झालं? ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या बिछान्यात मारलं. वय २१. घरात बंदुका होत्या. आतून एक गोळी सुटली, बाहेरून नव्वदच्या वर. पोट्टेहो, हा आकडा नीट वाचा. तुमचा एक कट्टा निघाला की समोरच्याला नव्वद गोळ्यांचं निमित्त मिळतं.

आमच्या पँथरनं नाव घेतलं, बंदूक घेतली नाही. घाबरून नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली होती, तेव्हा मोर्च्यात भागवत जाधव गेला तो वरून टाकलेल्या दगडी पाट्यानं. त्याच वर्षी इथून जवळ, अकोला जिल्ह्यातल्या धाकलीत गवई बंधूंचे डोळे काढले. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे घरातली चार माणसं मारली, तिथं बंदूक कुठं होती? काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, सायकलची चेन होती आणि सगळा गाव होता. २०१४ मध्ये खर्ड्याच्या नितीन आगेला मारायलाही बंदूक लागली नाही, आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले त्याला तर फक्त साक्षीदार फिरावे लागले. महाराष्ट्रात आमचा खून हत्यारानं कमी आणि गर्दीनं जास्त होतो. गर्दीपुढं कट्ट्याची एक गोळी. देशी माल, ती पण सुटली तर सुटली, नाही तर आपल्याच हाताची बोटं गेली.

स्वसंरक्षणाचा कायदा मी रद्दीतून आणलेल्या पुस्तकात वाचला. जुन्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३४ ते ४४. वाचून पाहा, चांगला आहे. जीव घेण्याचा हल्ला, जबर दुखापत, बलात्कार, पळवून नेणं, अॅसिड फेकणं, इतक्या वेळी समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही. २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की मरणाची वाजवी भीती पुरेशी आहे, आणि अंगावर आलेल्या माणसानं वार मोजून-मापून परतवावा अशी अपेक्षा नाही. तो सुटला. बापाच्या डोक्यात गंडासा बसल्यावर त्यानं बंदूक चालवली होती. शेतजमिनीचं भांडण होतं. म्हणजे शेत होतं, बंदूक होती आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जायला पैसा होता.

पण त्याच कायद्यात एक पोटकलम आहे, जुनं ९९, नवं ३७ : सरकारी अधिकाऱ्यांचा आश्रय घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आश्रय! परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी पोरं उचलली, आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा नोंदवा म्हणून हायकोर्टाला सांगावं लागलं, तेही पुढच्या जुलैत. कलम लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं, की ठाणं म्हणजे आश्रय. आमच्या वस्तीत संध्याकाळी जीप आली तर माणसं घराबाहेर येतात की मागच्या दारानं रानात जातात, ते पाहून कलम लिहायला हवं होतं.

मग परवाना काढा ना, असं कोणी म्हणेल. आमच्या बापानं काढून पाहिला. ठासणीची बंदूक मागितली होती, माणसासाठी नाही, डुकरं आणि रोह्यांसाठी. पीक राखायला ठासणीची बंदूक कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. रात्र रात्र माळ्यावर जागल करायचा, डबा वाजवायचा, पहाटे तूर लोळवलेली. त्यानं अर्ज दिला. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. बाबूनं सातबारा मागितला. आमची जमीन ई-क्लास, आजोबांनी काढलेलं अतिक्रमण, नावावर नाही. बाबू म्हणाला, "शेत तुमचं नाही तर पीक कोणाचं राखता?" बापानं अर्ज परत आणला आणि भिंतीत खोसून ठेवला. तो कागद उंदरानं खाल्ला.

सरकारी आकड्यानं २०१६ अखेर देशात ३३ लाखांच्या वर शस्त्रपरवाने होते, त्यातले १२ लाखांच्या वर एकट्या उत्तर प्रदेशात. आपल्याकडं बीडची गोष्ट ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाल्यावर बाहेर आली. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! कमरेला पिस्तूल लावून रील काढणारे वाळूवाले, ठेकेदार. यांना जिवाची भीती आहे असं कागदावर लिहिलेलं आहे. ज्याच्यापासून भीती त्यालाच भीतीचा परवाना. आणि आमच्या पोरानं वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला की ४/२५ लागतं. (केक सुरीनं कापा रे बाबांनो. त्यात कुठली क्रांती आहे?) विनापरवाना कट्टा सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी दोन वर्षं, पाचपर्यंत. दोन वर्षं पोरगा आत, म्हातारी तारखांना हेलपाटे घालते आणि दगड मारणारे बाहेर हसतात.

आता जी गोष्ट विहारापुढं बोलता आली नाही ती लिहितो. अमेरिकेत माणसापेक्षा बंदुका जास्त, शंभर माणसांमागे एकशेवीस. २०२१ मध्ये तिथं बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातले २०,९५८ खून. आणि २६,३२८ जणांनी स्वतःवर चालवली. खुनांचं प्रमाण लाखामागे सातच्या वर, आपल्याकडं २०२२ ला लाखामागे दोन. पण मी त्या दुसऱ्या आकड्यापाशी अडकलो. चोरासाठी आणलेली बंदूक निम्म्याहून जास्त वेळा घरधन्यावरच उलटली.

आम्ही कुठं राहतो? बुलढाण्यात. इथं शेतकरी औषध घेतो. माझ्या मोठ्या बापानं घेतलं होतं. कपाशीवर मारायचं, डब्यातलं उरलेलं. मोठ्या मायनं पाहिलं, ओरडली, आम्ही चौघांनी खाटेवर टाकून नेलं. तीन दिवस तोंडाला फेस. वाचला. आज नातवाला खांद्यावर घेऊन फिरतो, कर्ज आहे तेवढंच आहे. त्या दिवशी आढ्याला कट्टा असता तर ओरडायलाही वेळ नव्हता. दारू, कर्ज, नापास झालेली पोरं, सासरहून परत आलेल्या बहिणी, हे सगळं भरलेल्या घरात तुम्ही भरलेलं पिस्तूल आणून ठेवणार. पाटलाच्या पोराच्या आधी ते कोणाला सापडेल?

पोरांनी मला विचारलं, "मंग तू काय म्हणतं? मार खाऊन घ्यायचा?" नाही. महाडला २० मार्च १९२७ ला लोकांची डोकी फुटली तेव्हा बाबासाहेबांजवळ पलटणीतून आलेली माणसं होती, एका शब्दाची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. पण पुढं समता सैनिक दलाच्या हातात काठी दिली, कवायत दिली. एकट्याच्या खिशातला कट्टा आणि शंभर जणांच्या हातातली काठी यातला फरक त्यांना कळत होता. कट्टा लपवावा लागतो. लपवणारा माणूस आपल्याच माणसांपासून तुटतो.

आणि कायद्यातली एक जागा आहे जी आमच्या पुढाऱ्यांनी वाचलेली नाही, किंवा वाचून गिळली. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३. अत्याचार होऊ शकतो असा भाग सरकारनं आधी ओळखायचा. मग गरज वाटली तर त्या भागातल्या बिगर-दलितांचे, बिगर-आदिवासींचे शस्त्रपरवाने रद्द करायचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे, दोस्तांचे सुद्धा, आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. गरज वाटली तर दलितांना, आदिवासींना परवाने द्यायचे. दिल्लीच्या राजपत्रात छापलेलं आहे, माझ्या कवितेतलं नाही. भाषण ठोकणारे शेवटचा तुकडा तेवढा घेतात, "आम्हाला बंदुका द्या!" टाळ्या पडतात. पहिला तुकडा कोणी मागत नाही. त्याच्यात ज्यांच्या बंदुका जमा होतील ते निवडणुकीत त्यांच्याच गाडीत बसलेले असतात.

मला पहिला तुकडा पाहिजे. ‘गरज वाटली तर’ हे शब्द साहेबाच्या सोयीचे आहेत हे मला कळतं. म्हणून गरज वाटायला लावायची. २०२२ साली देशात अनुसूचित जातींवरचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. नोंदलेले. तरी गरज वाटत नसेल तर तसं लिहून द्या.

जिनिंगमधून सुटल्यावर तीन रात्री बसून अर्ज केला. ज्या गावात दगड पडले ते गाव नियम ३ खाली ओळखलेलं क्षेत्र जाहीर करा, ही पहिली मागणी. तिथले आणि आजूबाजूचे परवाने कोणाकोणाकडं आहेत त्याची यादी द्या, ही दुसरी. ते रद्द करून हत्यारं जमा करा, ही तिसरी. चौथी मागणी पोरांच्या हट्टानं घातली, परवान्याची. ती खोडली नाही, शेवटी ठेवली. सत्तावीस सह्या, अकरा अंगठे. वर्गणीची भाषा करणाऱ्याचीही सही आहे, वळणदार, इंग्रजीत.

अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला आहे. पोचपावती अजून आलेली नाही. मसुदा कोणाला आपल्या गावासाठी पाहिजे असेल तर अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाका. गावाचं, तालुक्याचं नाव आणि घटनेची तारीख लिहा. बाकीचं मी भरून पाठवतो.