चाहत्याची तीन वये

बुलढाणा जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांपैकी एकाच्याही नावाने देशाच्या फुटबॉल लीगमध्ये संघ उतरत नाही, आणि तरीही घाटावरच्या चिखली-मेहकरात काय किंवा घाटाखालच्या खामगाव-मलकापुरात काय, फुटबॉलवर तावातावाने बोलणारा तरुण शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्याचे बोलणे बहुधा तीन विषयांभोवती फिरते: कोणत्या खेळाडूचे पदार्पण, म्हणजे मोठ्या संघाकडून खेळलेला पहिला सामना, कायम लक्षात राहण्याजोगे होते, कोणता क्लब श्रेष्ठ आणि कोणता त्याचा हाडवैरी, आणि लीग, म्हणजे सर्व संघांनी एकमेकांशी खेळून गुणांवर विजेता ठरवण्याची स्पर्धा, न्यायाने चालते की नाही. हे तीनही विषय एकाच बैठकीत निघत असले, तरी चाहत्याच्या आयुष्यात ते एकामागून एक रुजतात. बालपणी त्याला माणूस भुरळ घालतो, तारुण्यात क्लब, आणि प्रौढपणी नियम. ज्या जिल्ह्याचा स्वतःचा क्लब नाही, त्या जिल्ह्यातल्या चाहत्याला यांपैकी तिसरे वय लवकर येणे अगत्याचे आहे.

बालपणीची ओढ पदार्पणाकडे असते, कारण त्या क्षणी प्रसिद्ध खेळाडूही मुलाइतकाच नवखा असतो. पेले ७ जुलै १९५७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, मारकानाच्या मैदानावर अर्जेंटिनाविरुद्ध प्रथमच ब्राझीलकडून खेळला आणि त्याने गोल केला. ब्राझीलने तो सामना १-२ असा गमावला, हे मात्र पुढच्या कीर्तीत झाकले गेले. लिओनेल मेस्सी १७ ऑगस्ट २००५ रोजी बुडापेस्टमध्ये हंगेरीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून प्रथम अर्जेंटिनाच्या वरिष्ठ संघाकडून उतरला, आणि अंगाला झोंबणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला झटकताना कोपर लागल्याचे ठरवून पंचांनी जेमतेम दोन मिनिटांत त्याला लाल कार्ड, म्हणजे मैदानाबाहेर जाण्याची शिक्षा, दाखवले. त्याच वर्षी १२ जूनला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीने भारताकडून पहिला सामना खेळताना गोल नोंदवला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पुढची जवळपास दोन दशके भारतीय आक्रमणाचा भार त्याच्यावर राहिला. अपयशी पदार्पणानंतरही माणूस मोठा होतो आणि यशस्वी पदार्पण ही केवळ सुरुवात असते, हे दोन्ही धडे लहान मुलाला इथे एकदमच मिळतात.

मराठी मुलांच्या एका पिढीसाठी असा क्षण २०१७ साली आला. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी भारतात भरली; तिच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा असा ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राज्य शासनाने आखला आणि त्यासाठी शाळांना चेंडू वाटले. तीनच आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारतीय संघ मैदानात उतरला, तेव्हा त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत ०-३ असा हरला. पुढच्या सामन्यात, ९ ऑक्टोबरला, मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला. विश्वचषक पेले-मेस्सींच्या देशांचा असतो असे तोवर समजणाऱ्या मुलाला आपल्याच भाषेतला, आपल्याच राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला एक मुलगा तिथे दिसला. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे निवडक मुलांना निवास, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र देणारी शासकीय संस्था.

तारुण्यात ओढीचा विषय बदलतो. एकट्या खेळाडूवरचे प्रेम अपुरे वाटू लागते आणि कोणत्या तरी समूहाचे होऊन राहण्याची गरज जागी होते. महाराष्ट्रात या गरजेचे सर्वांत ठसठशीत रूप कोल्हापुरात दिसते. तिथले क्लब तालमींतून, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या पेठांच्या मंडळांतून, उभे राहिले. म्हणूनच पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे फुटबॉल संघांची आहेत, आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात हरते किंवा जिंकते ती पेठ. विश्वचषकाच्या दिवसांत याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन तटांत विभागल्या जातात, आणि घरांवर परक्या देशांचे झेंडे आपुलकीने फडकतात.

कोलकात्यात हेच वैर स्थलांतराच्या इतिहासाशी जोडलेले आहे. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान हा पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा आणि १९२० साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांचा, अशी परंपरागत विभागणी असून पहिल्याच्या विजयानंतर घरी कोळंबी आणि दुसऱ्याच्या विजयानंतर हिलसा मासा रांधण्याची रीत आहे. एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या अशा सामन्याला डर्बी म्हणतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या एका टोकाला डर्बीचे हे शहर आहे आणि दुसऱ्या टोकाला मुंबईचे कूपरेज, जिथे १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक दीर्घकाळ रंगत असे. दोन्ही टोकांचे फुटबॉल बुलढाण्याच्या दारावरून गेले, पण जिल्ह्यात ते उतरले नाही. त्यामुळे इथल्या तरुणाला आपला क्लब पेठेतून वारशाने मिळत नाही, तो दूरदर्शन संचावर किंवा मोबाइलवर निवडावा लागतो.

निवडलेली निष्ठा वारशाने आलेल्या निष्ठेहून कच्ची असते असे मानण्याचे कारण नाही. उलट ती विचारपूर्वक जपता येते. वैर विचाराबाहेर गेले की काय होते, हे १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दिसले. त्या दिवशीच्या डर्बीत प्रेक्षागृहात उसळलेल्या दंगलीत आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक प्राणास मुकले. त्याच शहरात ऑगस्ट २०२४ मध्ये, एका तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि तिच्या हत्येनंतर उसळलेल्या संतापाच्या दिवसांत, डर्बी रद्द झाली असताना दोन्ही क्लबांचे चाहते स्टेडियमबाहेर जमले आणि त्यांनी एकत्र न्यायाची मागणी केली. प्रतिस्पर्धी हा शत्रू नसून आपल्याच खेळाचा दुसरा अर्धा भाग आहे, हे या चाहत्यांनी कृतीने दाखवले, आणि चाहतेपणाचे तिसरे वय इथूनच सुरू होते.

तरुण चाहत्याला अन्याय म्हणजे आपल्या क्लबाविरुद्ध गेलेला पंचांचा निर्णय वाटतो. प्रौढ चाहता विचारतो की स्पर्धेचे दार कोणाला उघडे आहे. जगातल्या बहुतेक लीगमध्ये बढती आणि अवनतीची पद्धत असते: वरच्या श्रेणीतले तळाचे संघ खाली जातात आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ वर येतात. ही शिडी काढून टाकण्याचा मोठा प्रयत्न १८ एप्रिल २०२१ रोजी झाला, जेव्हा युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी संस्थापकांना कायमचे स्थान देणारी ‘सुपर लीग’ जाहीर केली. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. त्या चाहत्यांत चेल्सीसारख्या लाभार्थी क्लबांचे समर्थकही होते, ही त्या आंदोलनातली सर्वांत मोलाची गोष्ट.

भारतात हा प्रश्न अधिक कठीण आहे. २००७ साली सुरू झालेल्या आय-लीगची पहिली सहा विजेतेपदे धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांनी जिंकली. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली; तिच्यात स्थान फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे शुल्क भरून मिळवलेल्या हक्काने, मिळत असे. जुन्या क्लबांना दुय्यम ठरवणाऱ्या आराखड्याच्या निषेधार्थ २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. पुढे आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली आणि २०२३ साली पंजाब एफसी त्या वाटेने वर गेला. पण २०२४-२५ चा हंगाम संपला तरी तळाच्या संघाची अवनती झाली नाही. त्याच हंगामात आय-लीगचे विजेतेपद आधी चर्चिल ब्रदर्सला दिले गेले आणि जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाने ते इंटर काशीचे ठरवले. मैदानावर मिळवलेले गुण महिनोन्‌महिने कागदावर झुलत राहतात, तेव्हा कोणत्याही क्लबाच्या चाहत्याचा विश्वास झिजतो.

बुलढाण्याचा या साऱ्याशी थेट संबंध आहे, कारण शिडी वर उघडी असेल तरच खालच्या पायरीला अर्थ राहतो. इथली खालची पायरी म्हणजे १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकाचे शालेय सामने, जे तालुका, जिल्हा, अमरावती विभाग आणि राज्य अशा टप्प्यांनी दिल्लीपर्यंत पोहोचतात. पावसाळ्यातल्या अशा सामन्यात काळी माती बुटांना आणि चेंडूला सारखीच चिकटते, फक्कीने आखलेली रेघ मध्यंतरापर्यंत पुसून जाते, आणि चेंडू रेघेबाहेर गेला की आत होता यावर दोन शाळांचे शिक्षक पंचांभोवती जमतात. तिथे वयाचे खोटे दाखले चालले, निवड ओळखीने झाली किंवा मुलींचा संघ कागदावरच राहिला, तर तो युरोपातल्या ‘सुपर लीग’इतकाच मोठा अन्याय आहे, कारण त्यात एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे पदार्पणच हिरावले जाते.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक चाहत्याने, त्याचा क्लब मँचेस्टरचा असो, माद्रिदचा असो की मुंबईचा, वर्षातून निदान एकदा आपल्या तालुक्याच्या शालेय सामन्याला जाऊन उभे राहावे, दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवाव्यात, आणि निवड कशी झाली हे जबाबदार माणसाला विचारावे. लीगच्या न्यायावर बोलण्याचा अधिकार त्याला तिथेच मिळेल.