आधी अर्थ बघ

परवा घोडबंदर रोडला मित्राकडे गेलो होतो. पार्किंगमध्ये ट्रेलरवर त्याची जुनी जेट स्की. बटण दाबलं की नुसतं 'टक्'! गडी नवा स्टार्टर घ्यायला निघालेला.

म्हटलं, थांब. बॅटरीला मीटर लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. बटण दाबूनही आकडा फारसा उतरेना. याचा अर्थ स्टार्टर करंट खेचतच नव्हता. इंजिनावरची अर्थची वायर सोडवली, तर खाऱ्या पाण्याने हिरवीगार! घासून घट्ट बसवली आणि... घर्रर्र!

पाण्याबाहेर इंजिन तापतं, म्हणून लगेच बंद केलं.

स्कूटर अडली की बाबा म्हणायचे, "आधी अर्थ बघ." मी वैतागायचो. आता सांगायला ते नाहीत. असो.