अण्णांची उधारी

आमच्या मामांच्या मेडिकलमध्ये उधारीची एक लांबोडकी वही होती. तिच्यात अण्णांच्या नावाचं एक पान होतं आणि त्या पानावर औषध म्हणून एकही नव्हतं. अर्धा इंची मायक्रोपोअर, कापसाची छोटी गुंडाळी, स्पिरिट, पुन्हा मायक्रोपोअर. मिरज हे दवाखान्यांचं गाव. एवढी चिकटपट्टी नेणाऱ्या माणसाच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार, असं कुणीही धरून चाललं असतं. मी तेव्हा कॉलेज सांभाळून संध्याकाळी काउंटरवर बसायचो. एकदा सुट्टे परत देताना सहज विचारलं, "पेशंट कसाय आता?"

"बोलायला लागलाय," अण्णा म्हणाले. "ये की बघायला."

पेशंट म्हणजे एक हेडफोन निघाला. घडी घालून बॅगेत मावणारा, सात-आठशे रुपयांना कुठेही मिळणारा, दोन्ही कान झाकणारा. अण्णांच्या टेबलावर त्याच्या दोन्ही वाट्या उलट्या पडल्या होत्या. कुशन काढलेली, स्क्रू आगपेटीच्या झाकणात, आणि एका वाटीत डॉक्टरने ड्रेसिंग करावं तशी मायक्रोपोअरची पट्टी.

अण्णांचं दुकान स्टेशनच्या बाजूला होतं. रेडिओच्या जमान्यात सुरू झालेलं, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आणि मी पाहिलं तेव्हा मिक्सर, इमर्जन्सी लाइट आणि गणपतीच्या दिवसांत मंडळांचे फुटलेले स्पीकर यांच्यावर चाललेलं. हेडफोन हा धंदा नव्हता. सातशे रुपयांची वस्तू दुरुस्त करायला कोण देतो? तो त्यांचा नाद होता, आणि नादाला पैसे घ्यायचे नाहीत हा त्यांचा नियम. मायक्रोपोअरचे मात्र ते आमच्याकडे उधार ठेवायचे.

त्यांचं एक ठाम मत होतं. स्वस्त हेडफोनमधला ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज करणारी चकती, बरेचदा चांगलाच असतो. त्याला मिळालेलं घर वाईट असतं. पातळ प्लॅस्टिकची वाटी, आत काही नाही, टिचकी मारली की टक्क वाजते. पडदा पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागे टाकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो मागचा आवाज बाहेर निघून जातो. जर्मनीच्या सेनहायझरने 1968मध्ये एचडी 414 काढला तो याच तत्त्वावर, आणि त्याची पिवळी स्पंजाची कुशन अण्णांनी कुठल्याशा मासिकात पाहिली होती. पण उघड्या पाठीचा हेडफोन घालून मिरज स्टेशनबाहेर बसलं तर रिक्षावाल्यांची भांडणंच आधी ऐकू येतात. म्हणून बंद पाठ. बंद पाठीत मागचा आवाज भिंतीवर आपटतो, परत फिरतो, आणि त्या कागदासारख्या पातळ पडद्यातून जरासा उशिरा कानात शिरतो. गाणारा एका खोलीत आणि त्याचा घसा दुसऱ्या खोलीत, असं काहीतरी होतं. बंद पाठ मुळातच वाईट असते असं मात्र नाही. सोनीचा एमडीआर-व्ही 6 हा 1985चा बंद पाठीचाच, घडी होणारा, आणि त्याचा भाऊ 7506 अजूनही रेकॉर्डिंग स्टुडिओत लोकांच्या गळ्यात दिसतो. अण्णा त्याचं नाव घरंदाज माणसाचं घ्यावं तसं घ्यायचे.

मी त्यांच्याकडे जायला लागलो ते आधी गंमत म्हणून. माझाही एक तसलाच हेडफोन होता. तो त्यांनी हातात घेतला, कानाला लावला, आणि काही न बोलता माझ्या नाकावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता लाव."

बेस एकदम भरून आला. चष्म्याच्या काडीने कुशन आणि कानशील यांच्यात फट राहत होती आणि सगळा खालचा आवाज तिथून गळत होता. एवढी वर्षं मी ज्याला हेडफोनचा आवाज समजत होतो, तो अर्धा चष्म्याचा होता. अण्णांचा पहिला धडा हा: उघडायच्या आधी नीट बसतंय का बघ. हवेची फट बंद झाल्याशिवाय आत कितीही कापूस कोंबला तरी उपयोग शून्य.

दुसरा धडा जास्त कडक होता. जे कराल ते परत काढता आलं पाहिजे. फेव्हिक्विक नाही, एम-सील नाही, भोकं पाडणं तर नाहीच. वाटीच्या भिंतीचा पोकळपणा मारायला ते पोस्टर चिकटवायची निळी पुट्टी वापरायचे. भाकरी थापावी तशी बोटाने पसरायची, आणि टिचकीचा आवाज टक्कवरून थप्पवर आला की थांबायचं. त्यावर पिंजलेला कापूस. गुंडाळीतून ओढलेला कापूस तसाच ठेवला तर तो दाबून बसतो. तंतू सुटे करायचे, फुंकर मारली तर उडेल इतके. दोन्ही वाट्यांत सारखाच कापूस जायला हवा, म्हणून ते पलीकडच्या सोनाराकडे जाऊन वजन करून आणायचे. सोनाराने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा काय झाला असेल, याची मी अजून कल्पना करतो.

सगळ्यात नाजूक काम मायक्रोपोअरचं. ड्रायव्हरच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात. पडदा श्वास घेतो तो तिथून. त्यांच्यावर सेलोटेप लावली तर हवा अडते, पडदा ताठरतो, आणि आवाजातून खालचा भाग गायब होतो. मायक्रोपोअर कागदी असते, जखमेला हवा लागावी म्हणून बनवलेली. ती हवा सोडते, पण अडवत अडवत. एक थर लावला की ढुमढुम करणारा बेस थोडा आवरतो, दुसरा लावला की आणखी. अण्णा चिमट्याने नखाएवढा तुकडा धरायचे, श्वास रोखून टेकवायचे आणि आगकाडीच्या गुलाकडच्या टोकाने दाबायचे. त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ते मान वर करत नसत.

आणि बदल एका वेळी एकच, तोही एकाच बाजूला. डावीकडे पट्टी लावायची, उजवीकडे नाही. मग दोन्हीकडे एकच आवाज सोडायचा आणि ऐकणाऱ्याने सांगायचं. सांगून झालं की हेडफोन उलटा करून घालायचा, डावी वाटी उजव्या कानावर, आणि परत सांगायचं. कुठल्या बाजूला काय केलंय ते अण्णा कधीच आधी बोलायचे नाहीत. कधी तर काहीही केलेलं नसायचं आणि मी फरक वर्णन करत बसायचो. ते हसायचे नाहीत. नुसतं "बरं" म्हणायचे आणि वहीत लिहायचे.

यूट्यूबवरची ठोकळेबाज गाणी त्यांना परीक्षेला चालत नसत. त्यांची कसोटी होती तंबोऱ्याची. मिरजेत हे नवल नाही. शिकलगारी सोडून सतारीकडे वळलेल्या घराण्यांची गल्ली इथेच आहे, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. एका कारागिराच्या माळ्यावर अण्णा मला घेऊन गेले. पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे एका कोपऱ्यात रचलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. म्हातारे कारागीर घोडीवर कानस फिरवत होते. एक हलका हात, मग तार छेडायची, तारेखालचं सूत केसभर पुढे सरकवायचं, परत छेडायची. एका जागी सूत आलं आणि पितळी तारेतून आवाजांची एक सबंध शिडी वर गेली. हीच जवारी. अण्णांनी ते छोट्या रेकॉर्डरवर घेतलं आणि तिथेच त्यांना माझा हेडफोन घालायला दिला.

कारागिरांनी थोडं ऐकलं आणि काढून ठेवला. "खर्ज फुगलाय," ते म्हणाले. "आणि जवारी बसलीय."

या दोन वाक्यांत सगळं निदान होतं. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्‌झवर येतो, आणि त्याची लाट हवेत जवळजवळ 5 मीटर लांबीची असते. ती वाटीतल्या मूठभर कापसाने शोषली जाणं शक्यच नाही. फुगतो तो त्याच्या वरचा भाग, शे-दोनशे हर्ट्‌झचा, आणि तो फुगला की त्याच्याही वरचे बारीक स्वर कानाला झाकले जातात. मोठा आवाज आपल्यापेक्षा उंच स्वरांना जास्त झाकतो, ही कानाचीच रीत आहे. म्हणून बेस आवरला की ट्रेबल वाढवल्यासारखा वाटतो, ट्रेबलला हात न लावता. पुढे आम्ही ड्रायव्हरच्या मागे पट्टीचे दोन थर लावले, वाटीत कापूस थोडा कमीच ठेवला, आणि पुढच्या बाजूला टिश्यू पेपरचा एक पदर लावून काढून टाकला. त्याने जवारीची धार बोथट होत होती.

टिश्यूचा निर्णय माझा होता, आणि तो माझा का होता हे मला बरंच नंतर कळलं.

ट्रेबलचं काहीही असलं की अण्णा हेडफोन माझ्याकडे द्यायचे. "स आणि श वेगळे येतात का? झांजेची शेपूट किती लांब जाते?" मला वाटायचं, शिकवतायत. एकदा त्यांनी एक शिट्टीसारखा आवाज लावला, हळूहळू वर चढणारा. मला तो सोसवेना म्हणून मी हेडफोन काढला. अण्णांनी आपल्या कानाला लावला, ऐकलं आणि म्हणाले, "इथं माझ्याकडं शांतता आहे." वय झालं की वरचे स्वर आधी जातात. त्यात लाउडस्पीकरसमोर उमेदीची वर्षं घालवलेली. खालचं सगळं त्यांना माझ्यापेक्षा दुप्पट कळायचं. वरच्या मजल्यावर मात्र ते जाऊ शकत नव्हते. माझं "येतं" किंवा "नाही येत" एवढ्यावर विसंबून ते पट्टी लावत होते. वहीतली माझी उत्तरं त्यासाठी होती. मी उगाच वर्णन करतोय की खरंच ऐकतोय, हे ठरवल्याशिवाय ते माझे कान कसे वापरणार?

मला राग आला नाही. उलट जरा ताठ बसलो.

बी.फार्म. झाल्यावर मी पुण्याला आलो आणि मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमध्ये लागलो. परदेशी डॉक्टर बोलून ठेवतात, आपण पायाने पेडल दाबत, मागे-पुढे करत, ते टाइप करायचं. पायाखाली पेडल, कानात कुणीतरी सँडविच खात बोलतंय, आणि प्रश्न असा की डोस फिफ्टीन की फिफ्टी. खांदा ॲबडक्शनमध्ये की ॲडक्शनमध्ये. चुकीच्या शब्दाला तिथे किंमत असते. व्यंजनांचा जीव वरच्या पट्टीत असतो, 'स'चा तर 4000 हर्ट्‌झच्याही वर, आणि ढुमढुम करणारा हेडसेट नेमका तोच जीव घेतो. ऑफिसने दिलेला हेडसेट मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि अण्णांनी बरा केलेला लावला. माझी अचूकता वर राहिली, बढती मिळाली, पुढे मी तपासणारा झालो. त्यात माझी मेहनत नव्हती असं नाही. पण शंका आली की क्लिप उलटसुलट ऐकायची, आधी ठरवून ऐकायचं नाही, आणि खात्री नसेल तर जागा रिकामी सोडून वरच्याला विचारायचं, ही सवय कुठल्या ट्रेनिंगमध्ये लागली नव्हती. तिथे येणाऱ्या मुलांची घाई असते ती रिकामी जागा भरून टाकायची.

पहिल्या पगारात मी अण्णांसाठी एक चांगला स्टुडिओ हेडफोन घेऊन मिरजेला गेलो. त्यांनी तो उघडून पाहिला, म्हणजे स्क्रू काढून, आत डोकावले, समाधानाने मान हलवली आणि परत बंद करून माझ्या हातात दिला. "यात माझ्यासाठी काही काम ठेवलेलं नाही," म्हणाले. तो आता बायको वापरते.

माझा जुना अजून चालतो. त्याच्या रेक्झिनच्या कुशनचं कातडं सोलून माझ्या कानशिलाला चिकटायला लागलं, म्हणून मध्यंतरी मी अप्पा बळवंत चौकातल्या एका बॅग शिवणाऱ्याकडून मखमली कुशन शिवून घेतली. चष्म्यासकट आरामात बसतात. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते वैतागले. मखमलीतून हवा गळते, बेस उतरणार, मागची पट्टी एक थराने कमी कर, असं त्यांचं लगेच सुरू झालं. मी म्हटलं, अण्णा, उतरलाय थोडा, पण मला असाच बरा वाटतोय, मी काही करणार नाही.

पलीकडे जरा वेळ मिक्सरचा आवाज येत राहिला.

"दोन्ही बाजूंनी ऐकलंस?"

"ऐकलं."

"उलटा घालून?"

"उलटा घालून पण."

"मग राहू दे तसाच. ठेव फोन, गिऱ्हाईक उभं आहे."