आठवड्यांचा कायदा

दापोलीजवळच्या मुरूडचे कर्वे घराणे. त्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि मातृत्व केव्हा पत्करायचे हे स्त्रीनेच ठरवावे, अशी भूमिका ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून मांडली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. स्वतंत्र भारताने पुढे संततिनियमन स्वीकारले ते लोकसंख्येच्या काळजीने; कर्व्यांचा युक्तिवाद मात्र बाजूलाच राहिला.

शांतिलाल शहा समितीच्या अहवालावर उभा राहिलेला १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हेच दाखवतो. गर्भपात हा दंड विधानानुसार गुन्हा होता आणि त्याच्या जागी आलेल्या न्याय संहितेनुसार आजही आहे. या कायद्याने त्याला अपवाद केला, तोही डॉक्टरने सद्भावनेने दिलेल्या मतावर, म्हणजे कवच डॉक्टरला मिळाले आणि स्त्रीच्या पदरी परवानगी पडली. अमेरिकेत न्यायालयाने १९७३ मध्ये दिलेला हक्क २०२२ मध्ये न्यायालयानेच काढून घेतला आणि न्यायाधीशांची नेमणूक हा तिथे निवडणुकीचा मुद्दा झाला. भारतात तसा वाद पेटला नाही, याचे श्रेय समंजसपणापेक्षा हक्काची भाषाच टाळण्याला अधिक द्यावे लागेल.

ती भाषा न्यायालयांनी उशिरा आणली. प्रजननविषयक निवड ही अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आणि २०२२ मध्ये अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची सवलत लागू केली. तो निकाल लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सव्वीस आठवड्यांच्या गर्भवती विवाहितेचे प्रकरण आले. दोन महिला न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि अखेर चंद्रचूड यांच्याच पीठाने नकार दिला.

चोवीस आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळ गर्भात गंभीर व्यंग असेल तरच संमती देऊ शकते. एरवी बहुधा रिट याचिका, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात मागायची दाद, एवढाच मार्ग उरतो. कर्व्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांसाठी हे न्यायालय ऑगस्ट २०२५ पर्यंत मुंबईत होते. वकिलांनी अनेक दशके लावून धरलेल्या मागणीनंतर ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या रूपाने आंबा घाटापलीकडे आले. अंतर कमी झाले ही मोठीच गोष्ट. पण वैद्यकीय मंडळाला तीन दिवसांत निर्णय देण्याचे बंधन नियमांनी घातले आहे, तसे न्यायालयावर कोणतेच नाही.