कुंपणातलं घर

नाटककार इब्सेनपायी ओस्लोला गेलो. कॉलेजात अनंत काणेकरांनी इब्सेनवरून केलेलं ‘घरकुल’ वाचलं तेव्हापासूनचं हे वेड. प्रत्यक्षात इब्सेनचं घर तासाभरात उरकलं, शिल्पकार व्हिगेलँडचे पुतळे धावतपळत पाहिले. मुक्कामाच्या ठिकाणी न्याहारीच्या टेबलावर एक निवृत्त इतिहास-शिक्षक भेटले. म्हणाले, “उद्या आमचा गट उटोया बेटावर जातोय. येता?”

उटोया म्हणजे 22 जुलै 2011. आधी ओस्लोच्या सरकारी इमारतींपाशी बॉम्ब फुटला, 8 माणसं गेली. मग बॉम्ब ठेवणारा तोच माणूस पोलिसाच्या वेशात या बेटावर आला. मजूर पक्षाच्या युवक संघटनेचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. 69 जणांना त्याने मारलं, त्यांतली बरीचशी शाळकरी पोरं.

बेट जेमतेम 26 एकरांचं. झाडी, उतार, तळ्याचं गार पाणी. चढावर कॅफेची साधी लाकडी इमारत. 13 जण तिथेच गेले. ती पाडायचं ठरत होतं. काही पालक म्हणाले, नको. अखेर जिथे माणसं मारली गेली तो भाग ठेवला आणि त्याभोवती नवं घर बांधलं. छत 69 खांबांवर. बाहेर 495 लाकडी पट्ट्यांचं कुंपण, वाचलेल्या प्रत्येकामागे एक. आत भिंतीत गोळ्यांची भोकं तशीच आहेत. मुंबईच्या लिओपोल्ड कॅफेमध्येही दहशतवादी हल्ल्यातली भोकं ठेवलीत. पण तिथे लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. इथे कुणी मोबाइल काढला नाही.

परतीच्या बोटीत गुरुजींशी वाद झाला. ते म्हणाले, “आमचा देश घाबरला नाही.” मी म्हटलं, मग ओस्लोतली वाय-ब्लॉक का पाडलीत? बॉम्बने न पडलेली ती इमारत सरकारने 2020 मध्ये सुरक्षेचं कारण देऊन पाडली. त्याआधी भिंतींवरची पिकासोची चित्रं तेवढी कापून काढली. गुरुजी चिडले. “राज्य चालवायचं तर सावध राहावं लागतं.” असेल. पण सावधपणाच्या नावाखाली भीती किती सहज खपते, हे आम्हा मुंबईकरांना कुणी शिकवायला नको.

काठावर त्यांनी मला आणखी एक गोष्ट ऐकवली. त्या दिवशी इथल्या लोकांनी गोळीबार चालू असताना होड्या घातल्या, पाण्यातली पोरं बाहेर ओढली. पुढे धक्क्यावर स्मारक होणार म्हटल्यावर हेच शेजारी कोर्टात गेले. रोज खिडकीतून ते बघायचं नव्हतं. खटला ते हरले. 2022 पासून 77 ब्राँझचे खांब तिथे उभे आहेत. त्या शेजाऱ्यांना भित्रे म्हणायची माझी तरी छाती नाही.

धैर्याचं श्रेय द्यायचंच तर मी मंत्र्यांच्या भाषणांना देणार नाही, त्या युवक संघटनेच्या पोरांना देईन. 2015 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी त्याच बेटावर तंबू ठोकले आणि शिबिर पुन्हा सुरू केलं.