विश्रांतवाडीतली मक्याची आंबील

पुण्याहून आळंदीच्या रस्त्याने निघाले की फुलेनगर मागे पडते आणि विश्रांतवाडी येते. मुकुंदराव आंबेडकर चौकातून एक रस्ता धानोरीकडे, एक टिंगरेनगरातून विमानतळाच्या बाजूला आणि एक दिघीवरून आळंदीला जातो. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वरांची पालखी याच वाटेने पुण्यात येते. एरवी या चौकात सकाळी सहापासून बांधकामावर जाणाऱ्या बाया, रिक्षावाले, बसची वाट पाहणारे कामगार यांची गर्दी. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच झोंबते. तेव्हा इवल्याशा कपातला चहा घेऊन माणसे कामावर पळतात. तो चहा पोटाला आधार देत नाही, भूक मात्र मारतो.

मेक्सिको देशात अशाच वेळी, अशाच चौकात बाया मोठाली पातेली घेऊन बसतात, असे आमच्या कन्येने आम्हाला सांगितले. त्या पातेल्यात चहा नसतो. मक्याचे पीठ लावून दाट केलेले गरम पेय असते. त्याला आतोले म्हणतात, आणि त्यात कोको घातला की त्याचे नाव चंपुरादो. सोबत मक्याच्या सालीत वाफवलेले तामाल खायचे आणि कामाला लागायचे. आपल्या पितरांची आठवण काढण्याचा त्यांचा सण नोव्हेंबरच्या १ व २ तारखेला असतो, त्यातही हे पेय असते. म्हणजे रोजच्या कष्टकऱ्याचे तेच आणि सणाचेही तेच. हे ऐकून आम्हाला नवल वाटले, आणि रविवारी ते घरी करून पाहायचे ठरले.

पहिली अडचण मक्याची. भाजायची कणसे चौकात मिळतात, पण वाळलेला दाणा लवकर सापडेना. शेवटी धान्याच्या एका दुकानात पिवळा मका मिळाला. दुकानदाराने विचारले, "कोंबड्या पाळल्या का?" आम्ही हसून पैसे दिले. बाजारात पाकिटात मिळणारे पांढरे कॉर्नफ्लोअर याला चालत नाही. ती नुसती खळ. पेय दाट होते, पण त्यात दाण्याची चव नसते.

दुसरी गोष्ट चुना. तो आम्ही पानाच्या टपरीवरून आणला. पाव किलो मक्याला बोराएवढा खायचा चुना पुरतो. स्टीलच्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात चुना कालवायचा, मका टाकायचा आणि पाऊण तास शिजवून रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, चुना ते खातो. सकाळी दाण्याची साल बोटाने चोळली की सुटते. तीन-चार पाण्यांतून खळखळून धुवावे म्हणजे चुन्याचा वास जातो. मेक्सिकोचे लोक हे युरोपियन तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून करीत आले आहेत.

या चुन्यामागे मोठी गोष्ट आहे. मक्यात नायसीन नावाचे जीवनसत्त्व असते, पण ते बांधलेले असते. चुन्यात शिजवले की ते मोकळे होते आणि अंगी लागते. युरोपियनांनी मक्याचा दाणा आपल्या देशात नेला, चुन्याची रीत नेली नाही. मग स्पेन, इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतमजुरांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. कातडी सोलवटायची, हगवण लागायची, शेवटी डोके भ्रमिष्ट व्हायचे. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांतही हा रोग आढळला. हैद्राबादचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर संशोधन केले. यात ज्वारीला दोष देऊ नये. भाकरीसोबत डाळ, भाजी, दूध नसणे, हा खरा दोष होता, आणि ते कोणाच्या ताटात नव्हते ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

ओला मका गिरणीवाला घेत नाही. त्यांच्याकडे दळायला दगडी मेताते असतो, तो आपल्या पाट्याचाच भाऊ. आम्ही पाटा काढला. थोडे मिक्सरवर, थोडे पाट्यावर असे करून मऊ गोळा निघाला. त्यातला लिंबाएवढा एकेक असे चार गोळे लिटरभर पेयाला बस्स होतात. अर्धा लिटर पाण्यात ते कालवून गाळून घेतले. त्यात दालचिनीचा तुकडा टाकून मंद आचेवर सारखे हलवत राहिलो. पाच-सात मिनिटांनी ते घोटाळू लागले, तेव्हा १०० ग्रॅम गूळ आणि तीन चमचे कोको पावडर घातली. दूध वेगळे तापवून, पातेले खाली उतरवल्यावर अर्धा लिटर मिसळले. भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. गूळ आणि दूध एकत्र उकळले तर दूध फाटते. आमचे पहिले पातेले असेच वाया गेले आणि मुलांच्या आईने आम्हाला स्वयंपाकघराबाहेर जायला सांगितले.

तिकडे फेस आणायला मोलिनियो नावाची लाकडी रवी असते. दोन्ही तळहातांत धरून ती फिरवतात. आमच्याकडे ताकाची रवी होती, तिने काम झाले. गुळाचेही तसेच. त्यांचा पिलोन्सियो म्हणजे उसाच्या रसाची आटवून केलेली ढेप. १५२१ साली स्पॅनिशांनी आस्तेकांची राजधानी जिंकली, त्यानंतर ऊस, दालचिनी आणि गाय तिकडे गेली. मका आणि कोको मूळचे त्यांचे, गोडवा आणि वास आपल्या बाजूचा. त्या बदल्यात मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, पेरू पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आले. मिरचीशिवाय आपली भाकरी कशी लागत असेल, याचा विचार करून पाहावा.

पेले भरले. मुलांना आवडले. आईने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "आरं, ही तर आपली आंबीलच की. गुळाची केलीया."

आई करमाळा तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि आमच्या आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जात होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना मोडे. मग आजी पीठ रात्री पाण्यात भिजवी, पहाटे ते आंबले की उकळत्या पाण्यात धार धरून सोडी आणि हलवत राही. मीठ, असला तर ठेचलेला लसूण. दोन मुठी पिठात सात माणसे. "दाट केली तर चौघांची, पातळ केली तर सातांची. आई पातळच करायची," एवढे बोलून आई गप्प झाली. इतक्या वर्षांत हे तिने आम्हाला सांगितले नव्हते. आंबील पोटाला थंड असते, एवढेच ती म्हणत आली होती.

इथे आमची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नोकरी लागल्यावर कचेरीतले चार सहकारी प्रथमच घरी येणार होते. उन्हाळा होता आणि आईने ताक घालून, कांदा चिरून आंबील केली होती. ती आम्ही झाकून आत ठेवायला लावली आणि बाटलीतले सरबत आणले. आई काही बोलली नाही. पुण्यात एका ओढ्याचे नावच आंबील ओढा आहे, त्या शहरात आम्हाला आंबिलीची लाज वाटली. आता तीच नाचणीची आंबील आरोग्यपेय म्हणून बाटलीत भरून विकतात आणि लोक रांगेत उभे राहून घेतात.

गेल्या वैशाख पौर्णिमेच्या आधी वस्तीच्या बैठकीत आम्ही सुचवले, सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून दरवर्षी खीर वाटतो, ती वाटूच. पण मे महिन्याच्या उन्हात सोबत गार आंबीलही ठेवू. दूध महाग झाले आहे, आंबील हजार माणसांना पुरेल. तरुण पोरे तयार होती. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "जे विसरायला आम्ही गाव सोडलं, ते तुम्ही आनंदाच्या दिवशी आमच्या हातात देणार? मेक्सिकोवाल्यांना त्यांची आंबील मालकाच्या दारात उभं राहून मिळाली नसेल." बैठक शांत झाली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही सूचना मागे घेतली. त्या वर्षी खीरच वाटली.

या थंडीत तेच गृहस्थ काही कामासाठी घरी आले. आईने विचारले नाही, सरळ पेला आणून हातात दिला. मक्याची नव्हे, ज्वारीची, लसूण-जिरे घातलेली, कढत. ते बराच वेळ पेल्याकडे बघत बसले. मग प्यायले. "लसूण जरा जास्त झाला का?" आईने विचारले.

"न्हाई. आमची आय पण असाच टाकायची," ते म्हणाले आणि दुसरा पेला मागितला.

पौर्णिमेच्या बैठकीत मात्र आपण विरोधच करणार, असे त्यांनी जाताना दारात चप्पल घालता घालता सांगून ठेवले आहे.